मुळे पेशी

‘मुळे पेशी’ नावाची कुठलीही पेशी जगात नाही. तरीही आमच्या कॉलेजच्या जिन्यात तिचा फ्लेक्स लागलेला आहे आणि येणारा-जाणारा तो वाचतो. मला तो वाचला की संताप येतो. आमच्याकडे संताप आला की माणसं चहा पितात. इतकी वर्षं मीही तेच केलं. आता चहाने भागत नाही, म्हणून मॅडमविषयी लिहायला बसलो आहे.

मॅडम प्राणिशास्त्र शिकवतात, मी मराठी. माजलगावच्या धरणापासून फार लांब नसलेलं आमचं कॉलेज. दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात आणि परीक्षेपुरती उगवतात. अशा ठिकाणी डोळ्याच्या पडद्यातल्या एका पेशीवर आयुष्य उधळलेली बाई काय करते आहे, असा प्रश्न कोणालाही पडेल. मॅडमना तो विचारायला मात्र कोणी धजत नाही, कारण त्या उलट विचारतात.

उलट विचारणं ही त्यांची खोडच. प्रश्नही एकच: “कुणामुळे?” स्टाफरूममध्ये कोणी म्हणालं, यंदा निकाल बरा लागला, की कोपऱ्यातून आवाज येणार, “कुणामुळे?” प्राचार्य झेंड्याखाली उभं राहून सांगत होते की अध्यक्षसाहेबांमुळे ही इमारत उभी आहे. मॅडम रांगेतूनच म्हणाल्या, “गवंडी कोण होते?” बोलल्या त्या हळूच, पण मैदानावर शांतता होती, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. माझ्या घरी त्या पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हा मी पाहुणचाराच्या ओघात म्हणालो, “आमच्याकडे धपाटे छान होतात.” त्यांनी हातातला घास खाली ठेवला. “होतात? आपोआप?” मी मुकाट्याने बायकोला बाहेर बोलावलं. अकर्मक क्रियापदावर इतका राग असलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि माझी बायको तेव्हापासून त्यांच्या बाजूची झाली ती झालीच.

हा राग कुठून आला, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्या मूळच्या तेलगावकडच्या. आईवडील उसाला जायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसं दोन, राबणारे हात चार, पण मुकादमाच्या तोंडी एक कोयता. “मुकादम दारात येऊन वडलांना विचारायचा, यंदा कोयता येतोय ना? आई तिथंच चुलीपाशी बसलेली असायची,” त्या म्हणाल्या. “तिला कुणी विचारलं न्हाई. ती अर्धा कोयता. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायची तीच.” एरवी वर्गात प्रमाण भाषा बोलणाऱ्या मॅडमची बोली राग आला की थेट तेलगावला पोचते. त्यामुळे आमच्याकडे त्यांचा राग चेहऱ्यावरून नव्हे, क्रियापदांवरून ओळखतात.

आता त्या पेशीविषयी. मी भाषेचा माणूस. मला जेवढं कळलं तेवढं त्यांच्याच शब्दांत सांगतो. मी त्यांच्या वर्गाच्या दाराशी उभा राहून ते बऱ्याच वेळा ऐकलेलं आहे, कारण माझा तास शेजारच्याच खोलीत असतो आणि माझ्या तासाला पोरं कमी असतात.

“डोळ्याच्या पडद्यात चेतापेशी एकमेकींशी बोलतात. कशानं बोलतात? ग्लुटामेट नावाच्या रसायनानं. एक सोडते, दुसरी झेलते. झेलायला तिच्या अंगावर ग्राही असतात.” मग फळ्यावर पडद्याच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत एक लांबट पेशी काढायच्या. “आता ही बघा. ही सगळ्यांच्या मधे उभी. पुस्तक म्हणतं, ही आधारपेशी. म्हणजे कूड. घराला असतो तसला. कावून? तर पहिल्या लोकांनी सुई टोचून विजेचा ठोका शोधला, अन् हिला ठोका न्हाई. ठोका न्हाई म्हणून मुकी ठरवली. पण ग्लुटामेट झेलणारे ग्राही हिच्याबी अंगावर हायेत. झेललं की हिच्या पोटात कॅल्शियम वाढतं. अन् ती खबर ती शेजारणीला देती. शेजारीण तिच्या शेजारणीला. ही ऐकती, ही सांगती, सांडलेलं ग्लुटामेट उचलून जागा साफ ठेवती. ते साचलं तर चेतापेशी मरत्यात. अन् एवढं करून हिचं नाव काय? तर आधार.”

इथपर्यंत येता येता खडू मोडायचा. पोरं खाली मान घालून लिहून घ्यायची. अभ्यासक्रमात या पेशीवर एकच ओळ आहे, पण मॅडमचे तीन-चार तास त्या ओळीवर जायचे.

एकदा तावातावाने माझ्याकडे आल्या. “सर, तुमच्या मराठीत हिच्यासाठी धड शब्द न्हाई का?” मी कोशात बघून ठेवलंच होतं. अशा पेशींच्या ‘ग्लिया’ या इंग्रजी नावाचा मूळ अर्थ डिंक असा होतो, म्हणून मी ऐटीत ‘श्लेषपेशी’ सुचवला. श्लेष म्हणजे चिकटणं, शिवाय अलंकारही. त्यांनी ऐकून घेतलं. “म्हणजे पुन्हा डिंकच,” म्हणाल्या आणि गेल्या. पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

पुस्तकात त्या पेशीला म्यूलर पेशी म्हणतात. बाहेरदेशीचं नाव. आमच्या पोरांनी ते ऐकलं आणि उत्तरपत्रिकेत आपल्या परीने लिहिलं: ‘मुळे पेशी’. एकाने तर पुढे स्पष्टीकरण दिलं की ही पेशी मुळे सरांनी शोधली. आमच्याकडे भूगोलाला खरोखरच मुळे सर आहेत. ते बिचारे दोन दिवस अभिनंदन स्वीकारत फिरत होते. मॅडमनी उत्तरपत्रिका तपासताना आधी लाल पेन आपटलं. मग तो शब्द पुन्हा वाचला आणि हसल्या. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलंय. “सर, पोरांनी बरोबर लिहिलंय. हिच्यामुळेच तर दिसतं. मग मुळे पेशीच की.” तेव्हापासून आमच्या दोघांत त्या पेशीचं नाव मुळे. पण ते आमच्या दोघांत.

त्यांच्या मायक्रोस्कोपची गोष्टही सांगितली पाहिजे. जिथे त्यांनी डॉक्टरेट केली, त्या मोठ्या संस्थेत तो भंगारात निघाला होता. निळा उजेड टाकला की रंग घातलेली पेशी हिरवी चमकते, तसला. मॅडमनी तो मागून घेतला आणि साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने आणला. कंडक्टरने विचारलं, “लेकराचं वय काय?” मॅडम म्हणाल्या, “माझ्यापेक्षा मोठंय.” पुढे कॉलेजची एक अडगळीची खोली त्यांनी स्वतः झाडून घेतली आणि खिडक्यांना काळी कापडं ठोकली. कॅल्शियमला भेटला की चमकणारा तो रंग एका जुन्या सहकाऱ्याने पाठवला, तो स्टाफरूमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला. डबीवर ‘विष’ लिहिलं, कारण नाहीतर शिपायाने ती बाहेर काढून तिथे कुल्फी ठेवली असती. सकाळी धरणावर जाऊन ताजा मासा आणायच्या. कोळी त्यांना विचारायचे, “मॅडम, नुस्ते डोळे नेताव, बाकीचा मासा टाकून देताव का?” उरलेला मासा कोळणीच्या घरी जायचा. मॅडम स्वतः माळकरी घरच्या. मासा त्यांनी कधी चाखलेला नाही.

आणि एवढं सगळं ज्या नोकरीच्या जिवावर चाललं होतं, ती नोकरी म्हणजे तासिका तत्त्व. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. वर्गात उभं राहिलेल्या तासापुरतंच माणूस धरायचं. परीक्षा झाली की नेमणूक संपली. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा नेमणूक. मॅडमची डॉक्टरेट आमच्या निम्म्या कायम प्राध्यापकांच्या आधीची आहे. तरी दरवर्षी जूनमध्ये त्या नव्या उमेदवारासारख्या बाकावर बसतात. तास मिळाले तर खोलीची किल्ली मिळते. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि दरवेळी मला लाज वाटली आहे, आणि माझ्या लाजेने कोणाचं काही झालेलं नाही.

तर त्या खोलीत मॅडमनी शेजारणीकडून शेजारणीकडे जाणारी ती कॅल्शियमची लाट पकडली. माशाच्या पडद्यावर ग्लुटामेटचा थेंब टाकला, एक पेशी उजळली, मग शेजारची, मग तिची शेजारची. कॅमेऱ्यात ते चित्र आलं. मॅडम धावत माझ्या वर्गात आल्या, पोरांसमोर म्हणाल्या, “सर, मुळे बोलली,” आणि परत धावत गेल्या. माझा त्या दिवशीचा तास तिथेच संपला.

राज्यपातळीवर पोस्टरची स्पर्धा होती आणि कॉलेजकडूनच प्रवेशिका जायची. मॅडमनी चित्रं आणि मजकूर प्राचार्यांकडे दिला. अध्यक्षांचे चिरंजीव, ज्यांना सगळे भैयासाहेब म्हणतात, ते त्याच सुमारास डॉक्टरेटला बसले होते. म्हणजे कागदावर बसले होते, प्रत्यक्षात ते कुठे बसले असतील ते तालुक्याला माहीत आहे. पोस्टर माजलगावच्या फ्लेक्सच्या दुकानात छापलं गेलं. वर भैयासाहेबांचा फोटो, डोळ्याला काळा गॉगल. डोळ्यावरच्या संशोधनाचं पोस्टर आणि संशोधकाचे डोळेच दिसत नाहीत. संशोधक म्हणून त्यांचं नाव, खाली मार्गदर्शक म्हणून प्राचार्यांचं. मॅडमचं नाव सगळ्यात तळाला, बारीक अक्षरात, ‘सहकार्य’ या शब्दापुढे. आणि दुकानातल्या पोराने, की भैयासाहेबांनी स्वतः, म्यूलरचं ‘मुळे’ करून टाकलं होतं. सगळीकडे. मथळ्यातसुद्धा.

पोस्टरला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ते वाचलं होतं का, हे मला आजही कोणीतरी सांगावं.

लगेच सत्कार ठरला. सत्कार ठरला की मानपत्र लागतं आणि मानपत्र मराठीच्या प्राध्यापकाने लिहायचं असतं. साहित्याचा आमच्याकडे तेवढाच उपयोग आहे. मुद्दे आले त्यात ‘मुळे पेशींवरील मूलगामी संशोधन’ असं होतं. मी ते घेऊन मॅडमकडे गेलो. त्या खोलीत बसल्या होत्या, दिवा न लावता. मी म्हणालो, “मी हे लिहिणार नाही.” त्या म्हणाल्या, “लिहा. अन् मुळेचं म्यूलर करू नका. जसं दिलंय तसं राहू द्या. पाहुणे डोळ्याचे डॉक्टर हायेत म्हणं. चार माणसात ते इचारतील, कोण मुळे? मग बघू भैयासाहेब काय सांगतो.” मला ते पटलं. इतकं पटलं की मी ‘मुळे’ हा शब्द मानपत्रात शक्य तितक्या वेळा घातला. शेवटी तर ‘डोळस संशोधकामुळे मुळे पेशी उजेडात आल्या’ असं वाक्य रचलं. माझ्या मते ते माझं सर्वोत्तम वाक्य आहे.

सत्काराच्या दिवशी मांडव, हार, ढोल, सगळं होतं. मानपत्र मीच वाचलं. प्रत्येक ‘मुळे’वर मी जरा थांबलो आणि पाहुण्यांकडे पाहिलं. पहिल्या मुळेला त्यांनी मान वर केली. दुसऱ्या मुळेला त्यांचा ओठ हलला. त्यांना कळलं होतं, हे मी शपथेवर सांगतो. मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या, ताठ, हात मांडीवर. मग पाहुण्यांनी टाळी वाजवली. मांडवभर टाळ्या वाजल्या.

आणि टाळ्या थांबतात तोच मागून फेटे बांधलेली पाच-सहा माणसं उठली. ती तेलगावची मुळे मंडळी होती. स्वतःची शाल आणि हार घेऊन आली होती. त्यांच्यातले ज्येष्ठ माईक हातात घेऊन म्हणाले, “आमच्या आडनावाची पेशी माणसाच्या डोळ्यात हाय, हे आमाला ठावं नव्हतं. भैयासाहेबांनी ती हुडकली. आमच्या भावकीला लई अभिमान वाटतोय.” भैयासाहेबांनी वाकून त्यांचे पाय शिवले. फोटो निघाले. मॅडमना स्टेजवर बोलावून ‘सहकार्या’बद्दल एक गुलाब देण्यात आला. खाली उतरताना त्याच मुळेबाबांनी त्यांना प्रेमाने म्हटलं, “पोरी, तू बी हातभार लावलास म्हणं. चांगलं केलंस.” भल्या माणसावर चिडताही येत नाही. मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला.

जेवताना मी पाहुण्या डॉक्टरांच्या शेजारी जागा धरली. ते हळूच म्हणाले, “ते म्यूलर ना हो?”

“हो.”

“मला वाटलंच.”

“मग बोलला का नाहीत?”

“जाऊ द्या ना सर. कार्यक्रम चांगला झाला,” असं म्हणून त्यांनी जिलेबी मागवली. त्या माणसावरचा माझा राग भैयासाहेबांवरच्या रागापेक्षा जास्त आहे. भैयासाहेबांना माहीत नव्हतं. यांना माहीत होतं.

मॅडमनी तक्रार केली. लोक म्हणतात त्या गप्प बसल्या; खोटं आहे. प्राचार्य त्यांना म्हणाले, “मॅडम, तुमचं नाव आहे की त्यात.” मॅडम म्हणाल्या, “कूड म्हणून हाय. मला ते नको. भैयासाहेबांनी करून दाखवावं. मासा मी आणते, रंग मी देते, खोली अंधारी हाय. त्यांनी नुसती लाट दाखवावी. दाखवली तर मी नाव मागणार न्हाई.” इतकी सरळ कसोटी मी कोर्टातही ऐकलेली नाही. समिती नेमली गेली. प्राचार्य, संस्थेचे एक सदस्य, आणि इतिवृत्त मराठीत लिहायचं म्हणून मी.

ठरल्या दिवशी मॅडमनी मासा आणला, ओल्या फडक्यात, स्टीलच्या डब्यातून. डोळे काढून पडदा तयार केला. मी वेळेवर गेलो. प्राचार्यांचा फोन आला की भैयासाहेब कार्यकर्त्यांसोबत कपिलधारला दर्शनाला गेले आहेत, बैठक पुढे ढकलू. मॅडम म्हणाल्या, “पडदा थांबत न्हाई, सर. काढल्यावर थोडा वेळच जिता ऱ्हातो.” मी फोनमध्ये ते तसंच सांगितलं. प्राचार्य म्हणाले, “मग पुढच्या वेळी दुसरा आणा.”

मॅडमनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाल्या, “तुमी तर समितीत हाव ना? बसा.” त्यांनी दार लावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या नळीला डोळा लावला. आधी सगळं काळंच. मग अंधाराला डोळा सरावला तसे हिरवट ठिपके दिसायला लागले, मंद, राखेत धुगधुगी असावी तसे. मॅडम म्हणाल्या, “आता थेंब सोडते.” एका ठिपक्याला उजेड आला. तो वाढला. मग शेजारचा उजळला, मग त्याच्या पलीकडचा, आणि तो उजेड गोलाकार पसरत गेला आणि मागचे हळूहळू विझत गेले. आवाज काहीच नव्हता. माझ्या डोळ्यात पाणी आलं, त्यामुळे शेवटचं मला नीट दिसलं नाही. मी तसं सांगितलं. त्या वैतागून म्हणाल्या, “मंग पुसा की डोळे. पुन्हा सोडते.” त्यांनी पुन्हा सोडला.

मी इतिवृत्तात लिहिलं की समितीच्या एका सदस्याने लाट पाहिली आणि ती मॅडमनी दाखवली. प्राचार्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, बैठक झालीच नाही तर इतिवृत्त कसलं. त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं. पुढची बैठक आजपर्यंत झालेली नाही. भैयासाहेब डॉक्टर झाले, विभागप्रमुख झाले. गेल्या जूनमध्ये तासिकेच्या मुलाखतीला खुर्चीत तेच होते. त्यांनी मॅडमना विचारलं, “आपलं संशोधन कशात आहे?” मॅडमनी सांगितलं. “अरे वा,” ते म्हणाले, “म्हणजे माझ्याच विषयात.” मॅडमना तास मिळाले. खोलीची किल्लीही मिळाली. हे मला त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांची भाषा अगदी प्रमाण होती, त्याची मला जास्त धास्ती वाटली.

हे सगळं लिहून झाल्यावर मी त्यांना वाचायला दिलं. त्यात मी त्यांचं पूर्ण नाव घातलं होतं, आईच्या नावासकट आणि पदवीसकट, आणि ते मुद्दाम पुन्हा पुन्हा घातलं होतं. इतकं सगळं झाल्यावर निदान एका कागदावर तरी ते पहिल्या जागी असावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यांनी सावकाश वाचलं. धपाट्यांपाशी जरा हसल्या. मग माझं पेन मागितलं आणि जिथे जिथे नाव होतं, तिथे तिथे ते खोडून वर ‘मॅडम’ लिहिलं.

मी भांडलो. मला वाटतं मी ओरडलोही.

“मुलाखत पुढच्या आठवड्यात हाय, सर,” त्या म्हणाल्या. “मला तास पाहिजेत. रंग थोडा उरलाय, तेवढा तरी वापरू द्या मला.” त्यांनी कागद जुळवून माझ्यापुढे ठेवले, पेनाचं टोपण लावून दिलं, आणि शेवटच्या पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

“हितं मात्र तुमचं नाव टाका. लिहिलंय तुमी.”